महिपतीचं बसणं

महिपती जेवायला बसला की मी आमच्या दारातून बघत राहायची. पहिला घास पाटावर, दुसरा उंबऱ्यात, आणि तिसरा तोंडात असतानाच स्वारी गोठ्यापाशी. हातात भाकरी, मुठीत कांदा, आणि मागून त्याची बायको बयाबाई कालवणाची वाटी घेऊन. "अवं, बसून तरी खावा," ती म्हणायची. "बसलोच हाय की," असं म्हणेपर्यंत तो गोठा ओलांडून विहिरीवर पोचलेला असायचा. वाटी तशीच परत यायची. मग ती मांजराला मिळायची, आणि आमच्या चाळीतली मांजरं त्या काळात चांगली गुटगुटीत होती.

मी जैनब. माझे मालक गफूर लोणावळ्यातल्या एका क्लबात मिस्त्री होते. पाण्याचा पंप असो, विजेचं इंजिन असो की मुंबईच्या पाहुण्यांची मोटार असो, जे बिघडेल ते त्यांच्याकडे यायचं. क्लबाच्या मागं नोकरांची चाळ होती. आमच्या आणि महिपतीच्या खोलीच्या मधे कुडाची एकच भिंत, त्यामुळे त्यांच्या घरात कोण कुणाला काय बोललं हे मला कान न लावताही कळायचं. कधीकधी लावायचीही.

महिपती वडिवळ्याचा. भाताची शेती, चार भाऊ, आणि वाटणीचा दावा वडगावच्या कोर्टात. त्या दाव्याच्या तारखेला तो वडगावला जायचा, पण पुकारा झाला की हा कधी कोर्टाच्या दारात सापडायचा नाही. एकदा मागच्या अंगाला कुणाच्या गाडीचं चाक बघत होता, एकदा बाजारात बैलाचे दात. दोन्ही वेळा तारीख पुढं गेली. भाऊ म्हणाले, ह्यानं मुद्दाम केलं. मी सांगते, मुद्दाम काही नव्हतं. त्याला एका जागी थांबताच येत नव्हतं. पायाला भिंगरी बांधल्यासारखा माणूस. बयाबाई तर सांगायची की लग्नात ह्यांना सप्तपदी तेवढी आवडली, कारण तिच्यात चालायचं होतं.

क्लबात त्याला नोकरी मिळाली ती मात्र अगदी त्याच्या जोगी. क्लबाचं मोठं हिरवंगार मैदान होतं. मुंबईची माणसं सुटीत येऊन तिथं चेंडूफळी खेळत, बायका छत्र्या घेऊन फिरत. त्या मैदानाचं गवत कापायला बैलांनी ओढायचं यंत्र होतं. पुढं फिरती पाती, मागं गुळगुळीत लोखंडी रूळ, आणि त्याच्याही मागं हाकणाऱ्यासाठी बैठक. बैलांच्या खुरांनी गवत उखडू नये म्हणून त्यांच्या पायांत चामड्याचे बूट घालायचे. बैल बूट घालून आणि महिपती अनवाणी, अशी ती वरात सकाळी निघायची. बैठकीवर तो कधी बसला नाही. तिथं त्याचं भाकरीचं फडकं बसायचं.

तो बैलांच्या बाजूनं चालायचा. वाटेत धोंडा दिसला की पळत पुढं जाऊन उचलायचा, कुंपणापार भिरकावायचा आणि चालत्या यंत्राजवळ परत यायचा. मावळातला कुठलाही गाडीवान असंच करतो. गाडी चालती ठेवून उतरतो, विडी पेटवतो, चार पावलं पळतो आणि पुन्हा जूपाशी उडी मारून बसतो. बैल आपला चालत राहतो. त्याला वाट ठाऊक असते, आणि पुढं कुणी आडवं आलं तर तो आपणहून थांबतो. हरण्या आणि मुंगळ्या ही ती जोडी. मैदानात एकदा कुणाचं रांगतं मूल मध्येच येऊन बसलं, तर दोघं त्याला हुंगत उभे राहिले होते. यंत्र चालतंय असं महिपतीच्या मनातही कधी आलं नाही. बैल चालत होते.

छत्तीस साली क्लबानं मोटारीचं यंत्र आणलं. मालगाडीनं पेट्या आल्या, आणि माझ्या मालकांनी शेडमध्ये आठवडाभर खपून ते जोडलं. पाती आणि रूळ पहिल्यासारखेच, पण बैलांच्या जागी पेट्रोलवर चालणारं इंजिन. आणि मागची बैठक आता शोभेची नव्हती, तिथं बसल्याशिवाय ते हाकताच येत नव्हतं. सेक्रेटरीसाहेबांनी हाकायला महिपतीलाच नेमलं. म्हणाले, मैदान त्याच्या ओळखीचं आहे. ते खरंच होतं. त्यांना एवढंच ठाऊक नव्हतं की ज्या माणसानं जन्मात बूड टेकलं नाही त्याला त्यांनी बसायची नोकरी दिली होती.

मालकांनी त्याला शिकवलं तेव्हा मी शेडच्या दारात चहा घेऊन उभी होते.

"महिपती, नीट ऐक," ते म्हणाले. "ह्यो बैल न्हाई. तू उतरलास तरी ह्यो चालतच ऱ्हानार. पुढं भिंत हाय का मानूस हाय, ह्येला कळत न्हाई. म्हनून उतरायच्या आधी हा दांडा मागं वढायचा, मग हितलं बटन दाबायचं. इंजिन गप झाल्याबिगर पाय भुईला लावायचा न्हाई."

"आन मधी धोंडा आला तर?"

"धोंडे आधी येचायचे. सकाळी सगळं मैदान पायी फिरून. त्ये तर तुझ्या आवडीचंच काम."

"पात्यात गवात अडकलं तर?"

"तरीबी आधी इंजिन बंद. पातं थांबलंय म्हनून हात घालशील, तर गवात निघाल्याबरोबर त्ये फिरंल आन बोटं घिऊन जाईल."

महिपतीनं सगळ्याला मान हलवली. मान हलवताना एक पाय शेडच्या बाहेर होता. खोऱ्याच्या कडेबद्दलही मालकांनी त्याला बजावलं. मैदान पश्चिमेला संपतं तिथं जमीन एकदम खाली ओढ्याकडे उतरते. ती कड यंत्रानं कापायची नाही, तिथलं गवत बायका विळ्यानं कापतील. ओल्या गवतावर लोखंडी रूळ कसा घसरतो हे त्यांनी शेडच्या पुढं बादलीभर पाणी ओतून दाखवलं. महिपतीनं तेही मान हलवून ऐकलं.

पहिल्याच दिवशी त्याला धोंडा दिसला. सकाळी वेचताना राहिलेला, लहानसा. आणि त्यानं जन्मभर जे केलं तेच केलं, टुणकन उडी मारली. धोंडा उचलला, भिरकावला, वळून बघतो तर यंत्र निघालेलं. तो मागून "हो, हो" करत धावला. बैल त्या हाकेला थांबले असते. यंत्र टेनिसच्या जाळीतून गेलं, एका वेताच्या खुर्चीचा भुगा केला आणि मेंदीच्या कुंपणात घुसून धूर सोडत बसलं. खुर्चीत कुणी नव्हतं. पण थोड्या वेळापूर्वी तिथं साहेबांची म्हातारी आई बसली होती, ती नुकतीच उन्हामुळं आत गेली होती. 

सेक्रेटरीसाहेब ओरडले नाहीत. ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघतो. तोवर हा बसायला शिकला तर ठीक, नाहीतर मी पुण्याहून ड्रायव्हर आणतो." ड्रायव्हर आणायचा म्हणजे त्याला खोली हवी, आणि क्लबाकडे रिकामी खोली नव्हती. बयाबाईनं ते लगेच ओळखलं. त्या रात्री भिंतीपलीकडून मला तिचा आवाज आला. ती भांडत नव्हती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

"वडिवळ्याला चार जावांच्यात मी कदी सोताची चूल पेटवली न्हाई," ती म्हणत होती. "मीठ किती घालायचं त्येबी दुसरीनं सांगायचं. हितं माझी चूल माझी हाय. येवडं एक बसा. माझ्यासाठी बसा."

"बसतो की," महिपती म्हणाला. आणि लगेच दाराची कडी वाजली. तो बाहेर फेऱ्या घालायला निघाला होता.

बिचाऱ्यानं प्रयत्न केला, हे मी कबूल करते. दोन दिवस दात खाऊन बसला. तिसऱ्या दिवशी समोर साप दिसला आणि पुन्हा उडी. साप आपल्या वाटेनं गेला, यंत्र आपल्या. नशिबानं मालक जवळच होते, त्यांनी धावत जाऊन दांडा ओढला. नंतर घरी येऊन ते इतके चिडले की जेवले नाहीत. "सुंभ जळला तरी पीळ जळत न्हाई," म्हणाले. "एक दिवस हा कुनाचा तरी जीव घेनार." मला त्या दोघांचाही राग आला होता. एकाला शांत बसता येत नाही आणि दुसऱ्याला शांत राहता येत नाही.

मग बयाबाईनं उपाय काढला. खळ्यावर मळणीच्या वेळी बैल तिवड्याला बांधतात, मधल्या खांबाला. बांधलेला बैलच नीट फेर धरतो, मोकळा सोडला तर कणसं खात भटकतो. तिनं तोच न्याय नवऱ्याला लावला. गोठ्यातला कासरा घेतला, सकाळी सकाळी शेडमध्ये गेली, आणि महिपती बैठकीवर बसल्यावर त्याच्या कंबरेभोवती दोन वेढे देऊन मागच्या लोखंडी दांडीला त्याला बांधून टाकलं. सुरगाठ मारली असती तर यानं एका हिसक्यात सोडली असती. म्हणून मागच्या बाजूला, त्याचा हात पोचणार नाही अशी, निरगाठ मारली. वरून उपरणं गुंडाळलं. मालकांना पत्ता नाही, साहेबांना पत्ता नाही. मला पत्ता होता, आणि ती युक्ती मला झकास वाटली.

आणि महिपती बसला. आठवड्यामागून आठवडे बसला. उडी मारायला जायचा, कासरा काचायचा, की पुन्हा खाली. हळूहळू त्याला उतरायच्या आधी दांडा ओढायची सवय लागली, कारण दांडा ओढून, बटन दाबून, मग बयाबाईला हाक मारल्याशिवाय त्याची सुटकाच नव्हती. ती हातातलं काम टाकून यायची आणि गाठ सोडायची. साहेब खूश झाले. बैलांना बेडशाचा एक शेतकरी दसऱ्यानंतर घेऊन जाणार असं ठरलं. मालक मला म्हणाले, "सुदारला बघ गडी." मी गालातल्या गालात हसले.

पण सुधारला कसला. पायातली चुळबुळ डोळ्यांत गेली होती. पूर्वी चालताना त्याला जे दिसायचं नाही ते आता बसून दिसायला लागलं. इथं एक पात राहिली, तिथं झुबका राहिला. संध्याकाळी चाळीत आला की तेच. आणि सगळ्यात जास्त त्याला खुपायची ती खोऱ्याकडची कड. बैल होते तेव्हा तो त्यांना अगदी करवंदीच्या जाळीपर्यंत न्यायचा. बैल उताराला अंग तोलून पाऊल टाकत, आणि कड कशी बोडक्या डोक्यासारखी साफ व्हायची. आता ती बायकांच्या विळ्यावर होती, आणि बायका काही रोज येत नव्हत्या. "साहेबाची दाढी केली आन मिशी तशीच ठिवली," तो म्हणायचा.

सर्वपित्री अमावस्येच्या दिवशी ते घडलं. दुसऱ्या दिवसापासून मुंबईची माणसं यायची होती. गवत कापणाऱ्या बायका पितरांचा दिवस म्हणून आल्या नव्हत्या. सकाळी एक सर येऊन गेली होती, मग ऊन पडलं, आणि महिपतीनं ठरवलं की मैदान पुरतं वाळलंय. मधला भाग वाळलाही होता. मी आणि बयाबाई चाळीच्या मागं कपडे वाळत घालत होतो. इंजिनचा आवाज येत होता, जवळ, लांब, पुन्हा जवळ. मग तो लांब गेला आणि आला नाही. एक घसरल्यासारखा आवाज झाला, इंजिन किंचाळलं, आणि बंद पडलं.

बयाबाईनं हातातलं लुगडं चिखलात टाकलं. आम्ही दोघी पळालो.

यंत्र कडेवर तिरकं लटकलं होतं. महिपती कडेच्या बरोबरीनं, बैलांना न्यायचा तसा, अगदी जाळीपर्यंत गेला होता. ओल्या गवतावर रूळ आडवा घसरला आणि यंत्र करवंदीच्या जाळीला अडून राहिलं होतं. वरची बाजू उचललेली, खालची बाजू ओढ्याकडे. बैठक पार खोऱ्याकडे कललेली, आणि तिच्यावर महिपती, कंबरेला बांधलेला. त्याचा हात अजून बटनावर होता. ते दाबायला त्यानं हात पुढं केला तेवढ्यानं यंत्र आणखी वीतभर खाली गेलं होतं, हे त्यानं नंतर सांगितलं.

मालक पळत आले. त्यांनी आधी जमिनीकडे बघितलं. यंत्र आणि आमच्यामध्ये गवतात एक लांब भेग पडली होती. पावसानं खालची माती खाल्लेली, वरचा तुकडा नुसता मुळांवर उभा. "कुनी म्होरं जायचं न्हाई," ते म्हणाले. मग महिपतीला म्हणाले, "उडी टाक. हिकडं, वरच्या अंगाला. यंत्र जाऊदे."

 महिपतीनं उपरणं बाजूला सारलं. मालकांना कासरा दिसला.

मी त्यांच्याबरोबर चाळीस वर्षं संसार केला, पण त्यांचा चेहरा तसा कधी बघितला नाही. ते बयाबाईकडे वळले.  महिपतीच्या सगळ्या जन्मात पहिल्यांदा उडी मारायची खरी वेळ आली होती, आणि उडी मारण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता तो माणूस तिनं बांधून ठेवला होता. तिनं भेगेकडे पाऊल टाकलं. मी तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तिच्यात इतका जोर होता की माझ्या बांगड्या फुटल्या.

"हलू नगंस," मालक महिपतीला म्हणाले. "श्वास घे, पर हलू नगंस. आमी बैल आनतो."

तेव्हा मला खरी भीती वाटली. हलू नकोस, असं महिपतीला सांगणं म्हणजे काय ते चाळीतल्या पोरालाही ठाऊक होतं.

बैल गोठ्यातच होते. मोठा दोर होता, टोकाला लोखंडी आकडा असलेला. मालक गवतावर पालथे पडले, आणि एका बांबूच्या टोकाला आकडा लावून तो यंत्राच्या चौकटीकडे सरकवू लागले. आकडा लागायचा, निसटायचा. महिपतीच्या हातापासून तो हातभर लांब होता. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. बोटं उघडत होती आणि मिटत होती, पण हात मांडीवरून उठत नव्हता. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तोही त्यानं पुसला नाही. आकडा अडकला तेव्हा मालकांनी तसंच पडल्या पडल्या डोळे मिटून घेतले.

बैलांना जू लावलं. आता ते पुढं चालायला हवे होते. पण ती जोडी जन्मभर महिपतीच्या आवाजावर चाललेली. त्यानं तोंड उघडलं, आणि बयाबाईनं हात वर केला.

"बोलू नगासा," ती म्हणाली. "तुमचा आवाज मागनं ऐकला की ती तुमच्याकडं वळत्याल."

त्यानं तोंड मिटलं. म्हणजे आता त्याला पाय नव्हते, हात नव्हते आणि जीभही नव्हती. बयाबाईनं ओल्या चाऱ्याची पेंढी उचलली, बैलांच्या पुढं जाऊन उभी राहिली, आणि त्यांच्याकडे तोंड करून उलटी, एकेक पाऊल मागं सरकायला लागली. रोज गव्हाणीपाशी बोलवायची तसंच बोलवत होती. "ये रं हरण्या, ये माज्या राजा. मुंगळ्या, ये." आवाज अगदी साधा. बैलांच्या मागं तिला तिचा नवरा दिसत होता, पण तिनं एकदाही बैलांवरून नजर काढली नाही. दोर ताणला. बैलांच्या पायांत बूट घालायचं कुणाला सुचलं नव्हतं, त्यांचे खूर त्या गुळगुळीत हिरवळीत रुतत होते आणि ढेकळं उडत होती. यंत्र आधी करकरलं, मग जाळीतून सुटलं. त्या क्षणाला ते खाली जाणार असं मला वाटलं, आणि मी अल्लाचं नाव घेतलं. महिपतीची मान ताठ, नजर समोर. तो हलला नाही. रूळ वर आला, भेगेवर आला, भेगेच्या अलीकडे आला. मागं मातीचा तुकडा सुटला आणि जाळीसकट ओढ्यात गेला.

बयाबाई बैलांना तशीच बोलवत राहिली. मैदानाच्या मध्यावर आल्यावर मी जाऊन तिच्या हातातली पेंढी काढून घेतली, तेव्हा ती थांबली. मग ती गाठ सोडायला गेली, पण महिपतीच्या भारानं गाठ इतकी आवळली होती की सुटेना. शेवटी मालकांनी विळ्यानं कासरा कापला. महिपती मोकळा झाला. आम्हाला वाटलं आता उठेल, पळेल, मैदानाला चार फेऱ्या घालील. तो बसूनच राहिला. म्हणाला, "जरा बसतो."

साहेबांनी येऊन सगळं ऐकलं. मैदानभर खुरांच्या खुणा बघितल्या, आणि त्या मातीनं भरून घ्यायला सांगितल्या. कडेच्या पुष्कळ अलीकडे पांढऱ्या दगडांची ओळ लावली, यंत्रानं तिच्यापलीकडे जायचं नाही. बांधायची तर पुन्हा कुणी गोष्टच काढली नाही. महिपतीची नोकरी राहिली आणि बयाबाईची चूलही. त्या दिवसापासून तो न बांधता बसायचा. उतरायचं झालं तर दांडा, बटन, इंजिन गप, मग पाय. डाव्या पायाचा अंगठा तेवढा सतत हलत असायचा. तो शेवटपर्यंत थांबला नाही.

थांबली नाही ती बयाबाई. इंजिनचा आवाज सुरू झाला की तिच्या हातातलं काम सुटायचं. पीठ परातीत तसंच, दूध चुलीवर तसंच, आणि ही कुंपणाच्या कडेनं यंत्राच्या बरोबरीनं चालते आहे. ऊन असो, भुरभुर पाऊस असो. आवाज थांबला की घरी यायची. मी रागावले, समजावलं, तिची थट्टाही केली. "त्यो आता बसतोय की गं," मी म्हणायची. "त्ये बसत्यात," ती म्हणायची, "पर मला बसवत न्हाई." तिचं अंग पार उतरलं. महिपती रोज संध्याकाळी तिला कालवणाची वाटी नेऊन द्यायचा आणि ती उभ्यानंच खायची.

मग लढाई आली. पेट्रोल मिळेना, आणि यंत्र शेडमध्ये ताडपत्रीखाली गेलं. क्लबानं कुठून तरी दुसरी बैलजोडी आणली, महिपती पुन्हा पायी चालायला लागला, धोंडे भिरकावायला लागला. लढाईनं जगाचं काय केलं ते केलं, पण बयाबाईला ती चांगली गेली. ती दुपारी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत बसायची, आणि दोन गोष्टी बोलायची.

लढाई संपली, पेट्रोल आलं. तोवर महिपतीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. यंत्रावर हौशीराम नावाचा नवा गडी आला, आणि महिपतीला फाटकावर बसवलं. त्या पावसाळ्यात बयाबाईला हिवताप झाला. ती तापानं फणफणली होती, माणूस ओळखत नव्हती. मी तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. आणि मैदानावर इंजिन सुरू झालं.

ती ताडकन उठून बसली. अंगात त्राण नाही, तरी भिंतीला धरून दाराकडे निघाली. "सोडा मला," ती म्हणत होती. "त्ये बांधल्यालं हायती. त्येंना सोडायचंय." मी धरलं तर मला ढकललं. मी महिपतीला हाक मारली. तो फाटकावरून चाचपडत आला, तिला अंथरुणाशी नेऊन बसवलं आणि तिच्या शेजारी भुईला बसला. तिचा हात घेऊन त्यानं स्वतःच्या कंबरेवरून फिरवला, पुढून आणि मागून.

"मी हितं हाय," तो म्हणाला. "बसलोय बग. कुनी बांधल्यालं न्हाई."

तिनं पुन्हा एकदा चाचपून बघितलं. मग हळूहळू आडवी झाली. बाहेर यंत्र जवळ यायचं, लांब जायचं, आणि दर वेळी तिची बोटं त्याच्या कंबरेशी घट्ट व्हायची. मी मधे एकदा म्हटलं, महिपतीभाऊ, पाय मोकळे करून या, मी बसते. त्यानं नाही म्हणून मान हलवली. दुपार कलल्यावर हौशीरामानं इंजिन बंद केलं. तोवर तिला झोप लागली होती, हातही सैल पडला होता. महिपती तरीही उठला नाही.